पाठ फिरवण्याची रीत

कुणी कुणाकडे पाठ फिरवली असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात तक्रार असते. अडचणीत मित्राने पाठ फिरवली, निवडून येताच पुढाऱ्याने मतदारांकडे पाठ फिरवली. चांगल्या अर्थाने ही क्रिया आपल्या भाषेत सहसा येत नाही. वहिनींनी मात्र तिचा उपयोग माणसांची लाज राखण्यासाठी केला, आणि त्या लाजेच्या आडोशाने एक बेटही राखले.

वहिनी हे त्यांचे नाव नव्हे. नवरा लाँच चालवायचा, धक्क्यावर लहानथोर त्याला दादा म्हणत, म्हणून त्या सगळ्यांच्या वहिनी. बेट एवढेसे, की एका टोकाला कुणी शिंकले तर दुसऱ्या टोकाचे पक्षी उडावेत. भोवताली पोवळ्यांचा उथळ पसारा. ते पाण्याखालचे रंग पाहायला माणसे येत, लाकडी फळ्यांच्या वाटेवरून हिंडत, आखून दिलेल्या पट्ट्यापुरते वाळूत पाय बुडवत आणि ओहोटी भरात येण्याआधी परतत. पाणी उतरले की लाँचचा तळ पोवळ्यांना घासे, आणि हातभर वाढायला माणसाचे अर्धे आयुष्य घेणारे पोवळे एका घासण्यात मोडून पडे. म्हणून दादा सगळ्या बाबतींत गबाळा असला तरी ओहोटीच्या बाबतीत कुणाच्या बापाचे ऐकत नसे.

वहिनींचे काम बेटावरच्या परतीच्या धक्क्यावर. बेट सागरी उद्यानात मोडे, आणि तिथून काही न्यायचे नाही, हा उद्यानाचा नियम. माणसांना तो पटे तो फक्त पोवळ्यांच्या तुकड्यांच्या आणि खड्यांच्या बाबतीत. शंखाबद्दल मात्र प्रत्येकाची समजूत एकच: रिकामा तर आहे, कुणाचे काय जाते? त्यावर वहिनींचे उत्तर ठरलेले असे. "रिकामा शंख म्हणजे रिकामी खोली. इथले खेकडे सगळे भाडेकरू. अंग वाढलं की जुनी खोली सोडून मोठी शोधायची. तुम्ही खोल्याच उचलून नेल्यात तर त्यांनी बिऱ्हाड मांडायचं कुठं?"

मग लाँचमध्ये चढण्याआधी त्या साऱ्यांना एकच प्रश्न विचारत. "चुकून काही सोबत आलंय का हो?" चोरले का, उचलले का, असे नाही. चुकून, आणि तेही आपल्या पायांनी सोबत आलेले. एवढे विचारून त्या समुद्राचे पाणी भरलेले घमेले मधोमध ठेवत, त्याच्याकडे आणि माणसांकडे पाठ करून फळीवर बसत आणि पाण्याकडे पाहत राहत. मागे पर्स उघडल्याचे, चेन ओढल्याचे आवाज होत. मग टुपुक, टुपुक. आवाज थांबले की वहिनी उठत, घमेले काठावर नेऊन रिकामे करत आणि लाँचमध्ये येऊन बसत. कुणी काय टाकले हे त्यांनी कधी पाहिले नाही.

"एकदा तरी वळून बघावंसं वाटत नाही तुला?" दादा चिडवायचा. "मी असतो तर मान मोडून घेतली असती."

"बघितलं तर लाँचवर मी त्याच नजरेनं बघणार त्या माणसाकडं. त्यापेक्षा नकोच कळायला."

ही रीत त्यांना कुठे गवसली, याचे उत्तर त्यांच्या आधीच्या नोकरीत आहे. शहरातल्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात, बाहेर पडायच्या दारापाशी बायकांच्या पिशव्या तपासायला त्यांना ठेवले होते. एकदा दारातले यंत्र उगाचच किंचाळले आणि वहिनींनी एका वयस्क बाईंना पडद्यामागे नेले. पर्समधून निघाले काय, तर औषधाची पट्टी, कागदात गुंडाळलेली दातांची कवळी आणि अर्धे बिस्कीट. बाईंनी भिंतीकडे तोंड करून कवळी परत कागदात गुंडाळली. "दुसऱ्याच्या पर्समध्ये हात घातला की आपला हात आपला राहत नाही," असे वहिनी पुढे म्हणत. त्यांनी ती नोकरी सोडली आणि लग्न होऊन बेटासमोरच्या किनाऱ्यावर आल्या.

एका वर्षी उद्यानावर नव्या अधिकारी आल्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. मॅडम कडक होत्या, पण उगाच कडक नव्हत्या. फेरीवर असताना त्यांना एक खेकडा दिसला, पाठीवर बाटलीचे निळे झाकण घेऊन चाललेला. शंख न मिळाल्याने त्याने प्लास्टिकच्या झाकणात संसार मांडला होता. मॅडमनी त्याचा फोटो वहिनींसमोर धरला.

"वहिनी, तुमची पद्धत मला आवडते. पण शंख कमी होताहेत, हे तर दिसतंय ना? धक्क्यावर टेबल टाकू, पिशव्या तपासू. काम तुम्हीच करा. अनुभव आहे तुम्हाला."

त्या शेवटच्या वाक्याने वहिनींना दुकानातला तो पडदा आठवला. फोटोवरून नजर काढून त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही एकदा येऊन उभ्या राहा. माझ्या विचारण्यानं भागत नाही असं दिसलं, तर टेबल टाका. पण त्या टेबलामागं दुसरं कुणीतरी बसवा."

मॅडम आल्या, आणि नेमक्या त्याच दिवशी वहिनींची थोरली नणंदही आली. आयुष्यभर भाड्याच्या खोल्या बदलून झाल्यावर ताईंनी नुकतेच स्वतःचे घर घेतले होते, आणि बोलणे कुठूनही सुरू झाले तरी त्या घराच्या बाल्कनीत येऊन थांबत होते. जांभळी छत्री उघडून त्या लाँचमध्ये बसल्या, तेव्हा दादाने पाठीमागून हाक दिली, "ताई, छत्री मीट, नाहीतर लाँच शिडावर चालेल!"

"तू गप रे. सुकाणूकडे बघ. लहानपणी सायकलनं गटारात घातलं होतंस मला, विसरले नाही मी."

सकाळ हसतखेळत गेली. दुपारी माणसे धक्क्यावर जमू लागली, तशा मॅडम वहिनींजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्या जांभळ्या छत्रीवाल्या बाई आहेत ना, त्यांनी चांगला मोठा शंख रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकलाय. मी पाहिलं. बघू या, परत येतो का."

छत्रीवाली आपली कोण, हे वहिनींनी सांगितले नाही. ताईंना वगळावे तर मॅडमसमोर पद्धत खोटी ठरते. विचारावे तर सासरच्या वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत उभे केल्यासारखे होते. आणि ताई नाही म्हणाल्या, तर उद्या इथे टेबल येते.

वहिनींनी घमेले ठेवले. नेहमीच्याच आवाजात, सगळ्यांकडे सारखे पाहत, त्यांनी विचारले, "चुकून काही सोबत आलंय का हो?"

ताईंनी छत्री मिटली. "मलासुद्धा विचारतेस? घरच्या माणसाला परक्यांच्या रांगेत उभं केलंस?"

"सगळ्यांनाच विचारते, ताई."

"मग ऐक सगळ्यांदेखत. माझ्यासोबत काही आलेलं नाही."

आता कळले मॅडमना, छत्रीवाली कोण ते. त्यांनी वहिनींकडे पाहिले. एक शब्द पुरेसा होता, किंवा पर्सकडे टाकलेली नुसती नजर. वहिनी म्हणाल्या, "बरं," आणि पाठ फिरवून फळीवर बसल्या.

मागे टुपुक झाले. कुणाचा तरी खडा. मग आणखी एक. मग काहीच नाही. एरवी या क्षणी वहिनी उठत. आज त्या उठल्या नाहीत. समोर पाणी उतरत होते. मघाशी बुडालेल्या खडकाच्या माथ्यावर आता ओला पट्टा दिसू लागला होता. लाँचमधून दादा ओरडला, "अगं, आटप! वाट उथळ होत चाललीय!" त्या हलल्या नाहीत. मॅडमनी घड्याळ पाहिले आणि त्या लाँचकडे वळल्या. माणसे एकेक करून लाँचमध्ये चढू लागली. फळीचा करकर आवाज, चपला, कुणाचे खोकणे. दादाने इंजिन सुरू केले. "आता खरंच निघावं लागेल!"

आणि त्या घरघरीत एक आवाज वहिनींना ऐकू आला. टुपुक नव्हे. जड काहीतरी, घाई न करता, हाताने अलगद तळाशी ठेवावे तसा. पावले फळीवरून लाँचमध्ये गेली, आणि मगच वहिनी वळल्या. धक्क्यावर कुणी नव्हते. घमेल्याच्या तळाशी मुठीएवढा शंख पडला होता आणि त्याच्या तोंडातून केशरी पाय हळूहळू बाहेर येत होते. खोली रिकामी नव्हतीच. भाडेकरू आत होता.

त्यांनी घमेले काठावर नेले. खेकड्याने क्षणभर अंदाज घेतला आणि आपले घर पाठीवर घेऊन तो वाळूतून चालू लागला. वहिनी जवळजवळ धावतच लाँचमध्ये चढल्या. दादाने पोवळ्यांमधून वाट काढली, श्वास रोखून, वेग कमी करून, तोंडातली थट्टा बंद ठेवून. तळ कुठेही लागला नाही. वहिनींना बसायला ताईंच्या शेजारचीच जागा शिल्लक होती. ताई पाण्याकडे पाहत होत्या.

मग त्या पाण्याकडे पाहतच म्हणाल्या, "तुझ्या त्या घमेल्यातलं पाणी केवढं तापलंय गं. हात घालवत नाही. उन्हात ठेवतेस कशाला? वर काहीतरी छप्पर तरी घाल."

"खरंच की," वहिनी म्हणाल्या. "माझ्या लक्षातच आलं नव्हतं, ताई."

"लक्षात कसं येणार? तुझी पाठ असते तिकडं."

दादाला सुकाणूपाशी फार काही सुचले होते, पण त्याने ते गिळले. त्याच्या आयुष्यातला हा दुर्मिळ संयम वहिनी पुढे कौतुकाने सांगत.

मॅडम पलीकडच्या बाकावर होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते. किनाऱ्याला उतरताना त्या वहिनींपाशी थांबल्या. निळ्या झाकणाचा प्रश्न सुटला असे त्या म्हणाल्या नाहीत, कारण तो सुटला नव्हता. शंख कुठे जातात, याचा शोध पुढे आणखी बऱ्याच दिशांनी त्यांना घ्यावा लागला. त्या एवढेच म्हणाल्या, "टेबलासाठी लाकूड मागवलंय, ते येईलच. त्याचं काय करायचं?"

वहिनींनी ताईंकडे पाहिले. ताई छत्री उघडण्यात गुंतल्या होत्या.

"छप्पर," वहिनी म्हणाल्या.

आता परतीच्या धक्क्यावर चार खांबांचे एक छोटे छप्पर आहे. त्याखाली घमेले, सावलीतले पाणी, आणि शेजारी बसायची फळी, तोंड समुद्राकडे.