नाचणीच्या पिठाचा तज्ज्ञ

हूटगळ्ळीत माझ्या मामांची नाचणी दळण्याची गिरणी होती. दाणे भिजवून, वाळवून दळत. त्यांना मोड फुटू देत नसत. पाकिटावर मात्र मोडांचे चित्र होते, कारण मामांना ते टवटवीत वाटे. करखात्याने चित्र पाहिले आणि ठरवले की हे साधे पीठ नव्हे, माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या धान्याचे पीठ आहे. माल्टवर कर जास्त. मागच्या वर्षांचाही फरक भरायचा, म्हणजे गिरणी बंद करायची.

मी धान्यरसायन शिकलेली. जयलक्ष्मीपुरमला मामांकडेच राहून प्रयोगशाळेत नोकरी करत होते. दाण्याला मोड आला की त्यातले स्टार्च तोडणारे एन्झाइम वाढते. ते मोजले की वाद संपतो. हे मी जेवताना सांगितले.

"सुम्ने, गुपचूप जेव ग," मामा म्हणाले. "जावयांनी हातात घेतलंय ना ते?"

मामांचे जावई पाण्याच्या पंपांचे इंजिनिअर. त्यांनी तांत्रिक तज्ज्ञ म्हणून सही ठोकून पीठ 'उत्तम प्रतीचे' असल्याचे लिहून दिले. अधिकाऱ्याने तो कागद बाजूला सारला आणि निकाल विरुद्ध दिला.

प्रकरण अपिलात, न्यायाधिकरणापुढे गेले, तेव्हा मामा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. गिरणीत राखून ठेवलेले पिठाचे नमुने मी तपासले. एन्झाइम कच्च्या दाण्याइतकेच निघाले. अहवालात एक शब्द सैल ठेवला नाही. या कामावर मला नाव कमवायचे होते.

वकिलांनी बजावले होते, "अपिलात नवा पुरावा सहज घेत नाहीत. आधी का दिला नाही, याला सबळ कारण लागतं."

बंगळुरूला जाताना गाडीत मामा म्हणाले, "तू तेव्हा परदेशात होतीस, असं सांगू या?"

"मी तुमच्यासमोर बसून सारभात जेवत होते. खोट्याच्या आधारावर माझा अहवाल उभा राहणार नाही."

सुनावणीत सदस्यांनी अहवालाचे पहिले पानही उलटले नाही. त्यांनी विचारले, "या बाई तेव्हा कुठे होत्या?" आमचे वकील घुटमळले. मामाच उठले.

"घरातच होती, स्वामी."

"मग विचारलं का नाही?"

"जावयांना वाईट वाटलं असतं."

खात्याचे वकील मोठ्याने हसले. सदस्य हसले नाहीत. "जावयाचा मान हे सबळ कारण नियमात नाही. अर्ज फेटाळला."

नियम योग्यच आहे. एक तज्ज्ञ पडला की दुसरा आणायचा, अशी मुभा दिली तर एकही वाद संपणार नाही. त्या खुर्चीत मी असते, तरी हेच केले असते.

परतताना मामांनी विचारले, "पण तुझं बरोबर होतं ना ग?"

"पूर्ण बरोबर होतं. वेळेवर मागितलं असतंत, तर गिरणी वाचली असती."

ते आणखी काहीतरी ऐकण्यासाठी थांबले होते. मी अहवाल पिशवीत ठेवून चेन लावली.

अहवाल वगळल्यावर पुरावा म्हणून पाकीटच उरले, आणि आम्ही अपील हरलो. गिरणीला कुलूप लागले त्या रविवारी जावई जेवायला आले. "घरचीच मुलगी तज्ज्ञ म्हणून उभी केलीत," ते म्हणाले, "केस तिथेच पडली. बाहेरचा माणूस हवा होता."

मामांनी मान डोलावली आणि तुपाचे भांडे माझ्याकडे सरकवले. "वाढ ग त्यांना."

जावयांच्या ताटात गिरणीतल्या शेवटच्या पिठाचा शिजवलेला उंडा होता. मी त्यावर तूप वाढले.