माह्या मुठीतून निघालेला वाघ

ज्या सरनं माहं पोट शाळेच्या भिंतीवर काढलं, त्याचा मले बदला घ्याचा होता. घेतलाही. पण निशाणा धरला सरवर अन गोटा लागला माह्याच बायकोच्या पायाले. कसा, ते सांगतो. यात माही बाजू घ्यासारखं काही नाही, म्हणून निवांत आयका.

मी आटो चालवतो. मारेगाव तालुक्यात आमचं गाव, वणीच्या रस्त्यापासून आतमंधी. गाव ते फाटा, फाटा ते गाव, एवढाच माहा पल्ला. फाटा काही लांब नाही. तोंडातला तंबाखूचा खर्रा थुकाच्या आत येऊन जाते. पण तेवढ्यासाठीही लोक आटोत बसत, अन मी त बसलेलाच. दिवसभरात मी उठे तो फक्त बसाची जागा बदलाले. शाळा म्या बाहेरूनच पाह्यली.

एक दिवस कोण्या संस्थेचा सर आला, संगं दोन पोरी, हातात मोबाईलपेक्षा मोठी पाटी. गावात कोण किती चालते, कोण किती बसते, कोणाले साखर हाय, कोणाले बीपी, सारं घरोघरी इचारून राह्यल्या होत्या. माह्याजवळ आल्या तवा मी आटोत आडवा होतो.

"काका, रोज किती लोक बसतात तुमच्या आटोत?"

कोणी प्रेमानं इचारलं का मले खरं बोलता येत नाही. जेवढे बसत त्याच्या तिप्पट सांगतले.

"म्हणजे गावातलं पायी कोणीच जात नाही?"

"पायी?" म्या म्हटलं. "आमच्या गावात पायी चालतात त्या फक्त बकऱ्या."

पोरगी हसली. हसली म्हणून म्या आणखी सांगतलं, का बकऱ्याही कधी कधी थांबतात आटोची वाट पाह्यत. दोघींनी सारं टिपून घेतलं. मंग फोटो काढू का म्हणे. म्या पोट आत ओढलं, पण श्वास तेवढा टिकला नाही.

काही दिवसांनी पेंटर आला अन चौकातल्या शाळेच्या भिंतीवर माहं चित्र काढाले लागला. आटोचं हँडल, हँडलवर पोट, अन पोटाच्या वर कुठंतरी मी. मी खूश. पेंटरले दोनदा चहा पाजला, मिशी जराशी जाड कर बाप्पा म्हटलं. फाट्यावरच्या लोकायले फुकट आटोत आणून दाखवलं. खाली मोठे मोठे अक्षरं होते. मले वाटलं, नाव असन माहं. चार वाजता बायकोले घेऊन गेलो. ती चौथीपर्यंत शिकलेली. तिनं बोट लावून वाचलं.

"आमच्या गावात... पायी चालतात त्या... फक्त बकऱ्या." मंग खालची ओळ. "चला, बकऱ्यांच्या पुढे जाऊ."

तिनं माह्याकडं पाह्यलं. "तुमी बोलले होते असं?"

"गंमत केली होती म्या."

"मंग त्यायनंही केली."

दुसऱ्या दिवसापासून गावात मले पाह्यलं का पोट्टे म्यॅऽऽ करत. पोट्टे त पोट्टे, माह्या बरोबरीचे बुढे करत. फाट्यापर्यंत पायी जात अन आटोजवळून जाताना म्यॅऽऽ करून समोर जात. साऱ्या गावाले नावं ठेवणारा मी, मलेच नाव पडलं. माह्या आंगात आग झाली. सरचं कायतरी कराचं, हे म्या त्याच दिवशी ठरवलं.

पहिले सरपंचाकडं गेलो. सरपंच म्हणे, "तुह्यं नाव कुठं लिवलं हाय त्यावर? चित्र कोणाचंही असू शकते."

"मंग लोक मलेच काहून म्यॅ करतात?"

"पोट ओळखीचं हाय बाप्पा."

मंग एका सकाळी भिंतीवर शेण मारलं. नेम बरोबर लागला. पण शेण वाळून पडलं, डाग राह्यला, अन पोट होतं त्याच्याहून फुगलेलं दिसाले लागलं.

तिकडं सरचं काम जोरात. ग्रामपंचायतीत सभा घेतली, गावाचा नकाशा टांगला, साखरवाल्या घरांवर लाल टिकल्या. कोणाचं नाव नाही, पण आपली गल्ली त कोणीही ओळखते. सर म्हणे, "हा दिल्लीचा आकडा नाही, पुस्तकातला नाही. तुमच्या गावाचा आहे." लोक नकाशाजवळ जाऊन आपापलं घर शोधाले लागले. त्यातला आटोचा आकडा माहा खोटा होता, पण तोही खऱ्यासारखाच काम करून राह्यला होता.

त्यातली एक लाल टिकली आमच्या घरावर होती. बायकोले साखर. तळपाय जळत तिचे, मिरची चोळल्यावानी. दवाखान्यातल्या डाक्टरबाईनं सांगतलं होतं, रोज चाल, नाहीतर पायावर येईन. आमच्याच गल्लीत साखरेपायी एकीच्या पायाचं बोट कापलं होतं, त्याच्यानं तिले लय भेव. पण चालाले जाये नाही. काहून? रिकाम्या हातानं बाई रस्त्यानं निघाली का दहा जणी इचारतात, कुठं चालली वो? काही नाही म्हटलं त म्हणतात, हिले घरी कामं नाहीत वाटते. डोक्यावर भारा असला, काखेत घागर असली, त कोणी इचारत नाही. हे त्या पोरींनी घरोघरी बसून बायांकडून काढून घेतलं होतं. मंग सरनं डोकं लावलं. सकाळी चालाले जा असं म्हटलंच नाही. मातामायच्या देवळापर्यंत फुलं घेऊन जा म्हटलं. देऊळ गावाबाहेर, नाल्याच्या पल्याड, फाट्याच्या दुप्पट लांब. हातात ताट असलं का बाईले कोण अडवते? देवळाजवळ दवाखान्याची आशाताई फळा घेऊन बसे, अन एकेक बाई आली का एकेक खडूची रेघ मारे.

पहिली रेघ माह्या बायकोची. महिनाभरात फळा भरून जाये. तिच्या पायाची जळजळ कमी झाली, सुई टोचली त साखर उतरलेली निघाली, घरात गाणं म्हणाले लागली. मले ते दिसत होतं, नाही असं नाही. पण मले भिंत जास्त दिसत होती.

मंग म्या वाघ केला.

आमच्याकडं वाघ म्हणजे गंमतीची गोष्ट नाही. कोणाचा बैल गेला, कोणाची गाय गेली, प्रत्येकाले एक तरी घर माहीत हाय. म्हणूनच म्या तो निवडला. एका दुपारी नाल्याजवळच्या चिखलात बसलो, मूठ दाबली, मुठीच्या समोर चार बोटं दाबली. झालं पाऊल. चार पावलं करता करता घाम फुटला. उठाले गेलो त घसरलो अन तिसऱ्या पावलावर बसलो. वाघ तिथं बसला असं कोणी मानलं नसतं, म्हणून ते पुसून नवीन केलं. मंग पानठेल्यावर जाऊन एकाच माणसाच्या कानात सांगतलं, "नाल्यावर पाय दिसले. कोणाले सांगू नको." बस.

दुसऱ्या दिवशी मातामायच्या रस्त्यावर कुत्रंही नाही. आशाताईचा फळा कोरा. तिसऱ्या दिवशी कोरा. आठ दिवस कोरा. मी आटोत बसून तो कोरेपणा खीर चाटल्यावानी चाटत होतो. फाट्याले पायी जाणारेही आटोत येऊन बसले. म्यॅऽऽ करणारे माह्या शेजारी मांडीले मांडी लावून बसत अन मले घट्ट धरत. मी मुद्दाम खड्ड्यातून नेऊ.

एक दिवस सर स्वतः बसला. तोंड उतरलेलं. म्हणे, "भाऊ, सगळी मेहनत पाण्यात गेली. बाया घराबाहेर निघत नाहीत."

म्या आरशात त्याचं तोंड पोटभर पाह्यलं. "सर," म्हटलं, "वाघासमोर तुमच्या आकड्याचं काय चालणार?"

त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

त्या भाकरी वाढणारी बायको लंगडत होती. ते मले हात धुताना दिसलं. पाय पुन्हा जळाले लागले होते. दुपारी ती मोरीच्या फरशीवर तळपाय टेकवून बसे, पाणी टाकत. दवाखान्यात नेलं त साखर चढलेली, होती त्याच्याहूनही वर. डाक्टरबाईनं इचारलं, "चालणं का सोडलं?"

"वाघ आला ना बाई."

डाक्टरबाई माह्याकडं पाहून म्हणे, "तुम्ही जात जा सोबत. असंच चाललं तर पाय धोक्यात येईल."

माह्या तोंडातला खर्रा तोंडातच कडू झाला.

घरी येऊन म्या म्हटलं, "वाघ गेला असन आता. चाल तू."

"कुठं गेला? पाटलाच्या सालदारानं काल पाह्यला. छातीपर्यंत कपाशीत उभा होता म्हणे."

मी गार पडलो. छाती म्या केलीच नव्हती. म्या फक्त पाय केले होते.

कबूल केलं त सर जिंकला, नाही केलं त हिचा पाय. तरी दोन दिवस लागले मले, हे मी लपवत नाही. तिसऱ्या दिवशी ती तूर निवडत बसली होती, तिच्यासमोर बसलो अन सांगून टाकलं. मूठ दाबून दाखवली, बोटं दाबून दाखवली.

ती ओरडली नाही. खडा बाजूले टाकला. "म्हणजे माहे पाय तुमी जाळले."

"सरचा राग होता मले."

"सरचे पाय जळतात का?"

म्या तो खडा उचलून बाहेर फेकला. ती म्हणे, "जा. चौकात सांगा साऱ्यायले."

गेलो. पानठेल्यावर पाच-सात जण होते, त्यायले सारं सांगतलं. कोणी मानलं नाही. आजवर म्या एवढ्या थापा मारल्या होत्या, का एक खरी बोललो ते त्यात बसेच नाही. एक म्हणे, "सरनं काय देलं बे तुले?" दुसरा म्हणे, "मंग सालदारानं काय पाह्यलं, तुह्यी मूठ?" सालदार तिथंच होता. तो त माह्यावर धावूनच आला, "मले खोटं पाडतं का?"

घरी येऊन सांगतलं, कोणी आयकत नाही. बायको म्हणे, "मंग आयकवू नका, दाखवा. रोज सकाळी एकटे जा मातामायपर्यंत अन जिवंत या. मी म्हणीन तवर."

"आटोनं जाऊ?"

तिनं चप्पल माह्यासमोर सरकवली. म्या घातली.

पहिल्या दिवशी नाल्यापर्यंत गेलो अन मांगं वळून गावाकडं पाह्यलं. वाघ माहा, पावलं माही, तरी कपाशी हलली का मी जागच्या जागी थांबू. सालदारानं खरंच पाह्यला असला त? माह्यावानी मूठ दाबून फिरणारा दुसरा कोणी नव्हता, पण वाघ काय मले इचारून येते? देवळापर्यंत तीनदा बसलो. वाघ आल्यापासून आशाताई रोज कोरा फळा घेऊन आपल्या अंगणातच बसे. परतलो त माह्याकडं पाहून हसली अन एक रेघ मारली. साऱ्या फळ्यावर एकच. माही.

गाव घराघरातून पाहून राह्यलं होतं.

"काबे, वाघानं तोंड नाही लावलं तुले?"

"हुंगून गेला," म्या म्हटलं. "त्याच्या डाक्टरनं त्याले चरबी मना केली."

दहा-बारा दिवस एकच रेघ. मी शिव्या देत जाऊ, शिव्या देत येऊ. सरले, सालदाराले, मलेही. पण मी रोज साबूत परत येऊन राह्यलो होतो, अन वाघानं सोडावा असा घास मी नव्हतो, हे साऱ्यायले दिसत होतं. एका सकाळी बायको ताट घेऊन दारात उभी राह्यली. तिच्या मांगं चौघी-पाचजणी. म्या म्हटलं, चला सुटलो, अन आटोकडं वळलो.

"कुठं चालले?" ती म्हणे. "वाघ मागून येते. तुमी मागं चाला."

तवापासून बाया समोर अन मी मागं. बाया भराभरा चालतात. मी मागून हाका मारतो, कोणी थांबत नाही.

सर आला भेटाले. म्हणे, "भाऊ, तुमच्यामुळे लोक निघाले. ते चित्र पुसून टाकतो, तुमचं चालतानाचं काढू." माह्या जीवात जीव आला. पण उत्तर बायकोनं देलं.

"राहू द्या सर जुनंच. बरं निघालं हाय ते."

म्या तिच्याकडं पाह्यलं. तिनं सरले चहा देला. तवा मले समजलं का बदला घेणारा या घरात मी एकटाच नाही, अन तिच्यासमोर मी कच्चा हाव.

महिन्यानं दवाखान्यात गेलो. ती चालतच आली, मले सावलीसावलीनं यावं लागलं. साखर उतरलेली निघाली. पूर्ण नाही, पण डाक्टरबाईनं मान हलवली. मी हात जोडले. "बाई, आता मी नाही चाललो तरी चालते ना? हिले सोबत झाली आता."

डाक्टरबाई बोलाच्या आत बायको म्हणे, "बाई, यायचीही साखर तपासा."

"मले काय झालं?"

"टोचा त खरं. जाडी सुई घ्या."

माह्या बोटात सुई गेली अन मी खुर्चीतून उठलो. वाघ केला त्याच बोटात. लाल थेंब आला. इतक्या दिवसांत, वाघाची गोष्ट सांगतल्यापासून, ती माह्यासमोर एकदाही हसली नव्हती. माहं रक्त पाहून हसली. पदर तोंडाशी धरून, खांदे हलवत हसली, डाक्टरबाई थांबून पाहाले लागली तरी थांबेच ना.

मंग डोळे पुसले अन म्हणे, "सकाळी सहाले. चप्पल शिवून घ्या."