रांगेत गेलेली सतरा मिनिटं

बेरिल एंटविसलने आयुष्याची एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या थांबवण्यात घालवली, आणि स्वतःची गाडी थांबवली म्हणून म्हातारपणी तिला कोर्टाची पायरी चढावी लागली. हे वाक्य आमच्या रॅम्सक्लफ गावात निदान चार जण स्वतःचं म्हणून सांगतात. पहिल्यांदा कोण बोललं यावरून खाटकाच्या दुकानात एकदा चांगले आवाज चढले होते.

एकतीस वर्षं ती शाळेसमोरच्या चौकात उभी असायची. अंगात पिवळाधमक डगला, हातात तिच्यापेक्षा हातभर उंच दांडा, आणि दांड्यावर गोल पाटी: थांबा. ती पाटी आडवी झाली की मग समोर कोणी का असेना. एकदा तिने चक्क अंत्ययात्रेची गाडी अडवली होती. चालकाने काच खाली करून कुरकुर केली, तेव्हा म्हणाली, "तुझ्या मागच्याला घाई नाही राजा, माझ्या पोरांची घंटा झालीय." आज गावात पन्नाशीच्या आतला जो कोणी आहे, त्याला बेरिलने कधी ना कधी रस्ता ओलांडून दिलेला आहे, आणि बऱ्याच जणांची नाकंही पुसलेली आहेत.

अशा बाईला गाडी चालवता मात्र येत नव्हती. नवरा रॉनी होता तोवर तो चालवायचा. तो गेला आणि टोमॅटोच्या सूपच्या रंगाची ती छोटी गाडी दारात नुसती उभी राहिली. मुलगी जिलियन लीड्सहून फोनवर म्हणायची, "आई, विकून टाक." बेरिलने सदुसष्टाव्या वर्षी शिकवणी लावली. तीनदा नापास झाली. तिसऱ्या खेपेला परीक्षा घेणारा गाडीतून उतरून परतीचा रस्ता चालत गेला, असं म्हणतात. बेरिल म्हणते, त्याला तिकडेच काम होतं. चौथ्यांदा पास झाली.

तेव्हापासून दर गुरुवारी तिचा एकच नेम. शेजारच्या नोराला घेऊन डोंगरावरच्या वृद्धाश्रमात जायचं. तिथे नोराचा नवरा आल्फ असतो. नोराच्या डोळ्यांना आता समोरचं माणूससुद्धा डागासारखं दिसतं, आणि वरपर्यंत जाणारी बस केव्हाच बंद झाली. बेरिलची गाडी होती म्हणून आल्फला गुरुवार होता, एवढा हिशोब साधा होता.

आता मूळ गोष्ट. मंडईमागे जिथे पूर्वी सार्वजनिक न्हाणीघर होतं, ती जागा एका खाजगी कंपनीने घेतली, गाड्या लावायला पांढरे पट्टे मारले, दोन खांबांवर कॅमेरे बसवले आणि पैसे घ्यायला एकच मशीन ठेवलं. त्या मशीनला नाणी पचत नाहीत. तीन घेतं, चौथं थुंकतं.

ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी, भर बाजाराच्या दिवशी, बेरिलने तिथे गाडी लावली. मशीनपुढे दोघंच होते. तिसरी ती. तेवढ्यात मागे जुळ्यांची बाबागाडी घेऊन एक पोरगी आली. दोन्ही पोरांनी टाहो फोडलेला. "तू जा गं पुढे," बेरिल म्हणाली. मग कबुतरं पाळणारा वॉल्टर पिकप काठी टेकत आला. त्याचा गुडघा सगळ्या गावाला ठाऊक. तोही पुढे गेला. मग एक प्लंबर धापा टाकत आला, कोणाच्या तरी घरात पाणी तुंबलं होतं म्हणे. मग पियानो शिकवणाऱ्या मिस क्रॅबट्री. त्यांना घाई नव्हती, गुडघा नव्हता, पोरं तर नव्हतीच; पण त्या "नको, नको, तुम्हीच आधी" म्हणाल्या आणि बेरिल म्हणाली "छे, तुम्हीच." असं तीनदा झाल्यावर वयाने मोठ्या म्हणून त्या गेल्या.

बेरिलला तिकीट मिळालं तेव्हा दहा वाजून एकवीस मिनिटं झाली होती. तासाचं तिकीट. मागच्या कोऱ्या बाजूवर तिने पेन्सिलीने यादी लिहिली: कलेजी, कांदे, चार बटणं, नोराची लोकर. अकरा एकोणीसला ती फाटकातून बाहेर पडली. म्हणजे कंपनीच्या पदरात दोन मिनिटं टाकूनच आली.

अकरा दिवसांनी पाकीट आलं. आत गाडीचा फोटो, तोही मागून. कॅमेऱ्याच्या हिशोबाने ती दहा चारला आत शिरली आणि अकरा एकोणीसला बाहेर पडली. पैसे एका तासाचे, पंधरा मिनिटं जास्त. शंभर पौंड भरा. चौदा दिवसांत भरलेत तर साठच.

"आई, साठ भर आणि मोकळी हो," जिलियन म्हणाली.

"मी वेळेत बाहेर पडले गं. मग दंड कसला?"

"तुला त्या मशीनचं काही कळत नाही, म्हणून सांगतेय. या वयात कशाला ही डोकेदुखी? खरं म्हणजे गाडीच काढून टाक."

बेरिलने पाकीट पावाच्या डब्यात टाकलं. मग दुसरं आलं, तेही डब्यात. मग कोणा वसुलीवाल्यांचं आलं, लाल शाईत, एकशे सत्तर पौंड, आणि खाली 'कायदेशीर कारवाई' ठळक अक्षरांत. डब्याचं झाकण बसेना, तेव्हा तिने पाव बाहेर काढून फडताळात ठेवला.

पण कागद डब्यात गेले तरी धास्ती गाडीत येऊन बसली. प्रत्येक खांबावर तिला कॅमेरा दिसायला लागला. लाल दिव्यापाशी थांबली तरी वाटे, इथेही कोणीतरी मिनिटं मोजतंय. आणि नव्या वर्षातल्या पहिल्या गुरुवारी, कोट घालून, आल्फसाठी पुडिंगचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या नोराला ती म्हणाली, "आज जमायचं नाही गं. क्लच बिघडलाय."

पुढच्या गुरुवारीही क्लच बिघडलेलाच. नोराला दिसत नाही, पण तिच्या कानांना दृष्ट लागावी. बुधवारी गाडी मागे-पुढे केल्याचा आवाज तिने भिंतीतून ऐकला होता. ती तडक बेरिलच्या स्वयंपाकघरात आली, पाव शोधायला म्हणून डबा उघडला आणि आत हात घालून चाचपलं.

"हे काय गं? प्रेमपत्रं?"

"ठेव ते."

"जाड कागद आहे. मेल्याने खर्च केलाय. कोण आहे, विधुर आहे का?"

मग बेरिल रडली. डोळे पुसत म्हणाली, "मी गाडी विकतेय, नोरा. जिलियनने गिऱ्हाईक पाहिलंय. पुढच्या आठवड्यात शनिवारी येतोय."

नोरा थोडा वेळ गप्प बसली. ती गप्प बसल्याची रॅम्सक्लफमध्ये ही एकच नोंद आहे. मग म्हणाली, "खुशाल विकून टाक. पण आधी हे कागद सिरिल पिलिंगला दाखव. तसाही तो तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला असतो."

सिरिल पिलिंग म्हणजे निवृत्त बस तपासनीस. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. दर मंगळवारी वाचनालयात 'मोफत सल्ला' अशी पाटी टेबलावर ठेवून बसायचा, आणि त्या दिवशी टाय बांधायचा. बेरिल आली की टायची गाठ पुन्हा एकदा बघायचा, असं वाचनालयातली बाई सांगते. ती बाई खोटं बोलत नाही, फक्त वाढवून सांगते.

त्याने कागद पत्त्यांसारखे मांडले. "ही धमकी. ही पण धमकी. ही लाल शाईतली धमकी. या वसुलीवाल्यांना तुमच्या दाराची कडी वाजवण्यापलीकडे काही करता येत नाही. ही..." तो थांबला. "मिसेस एंटविसल, ही धमकी नाही. हा खरा कोर्टाचा कागद आहे. हा कधीपासून डब्यात होता?"

"डबल रोटी आणली त्या दिवसापासून."

"याला उत्तर द्यायला चार दिवस उरलेत. नाही दिलं तर तुमची बाजू न ऐकताच निकाल लागेल." त्याने पेनाचं टोपण काढलं. "आता सांगा. तिकीट आहे?"

बेरिलने पर्समधून यादी काढली. सिरिलने कलेजी आणि कांदे वाचले, कागद उलटवला, वेळ वाचली आणि त्याचा चेहरा उजळला. "आत शिरण्यापासून तिकिटापर्यंत सतरा मिनिटं. एवढा वेळ काय करत होतात?"

"रांगेत होते."

"पुढे किती जण?"

"दोन." मग जरा थांबून, "नंतर सहा."

सिरिलने चष्मा काढला. "पुढची रांग वाढली कशी?"

बेरिलने सांगितलं. बाबागाडी, गुडघा, तुंबलेलं पाणी आणि मिस क्रॅबट्री.

"हे पुढे सोडल्याचं लिहायला नको," सिरिल हळूच म्हणाला. "रांग होती, एवढंच पुरे. तुम्ही आपणहून मागे राहिलात असं कळलं, तर त्यांचा वकील त्यावरच बोट ठेवेल."

"मग ठेवू दे. मी चारजणांना पुढे सोडलं, हे खरं आहे. पाटी हातात होती तेव्हाही मी कधी अर्धवट खरं बोलले नाही, मिस्टर पिलिंग."

"सिरिल म्हणा."

"मी कधी अर्धवट खरं बोलले नाही, मिस्टर पिलिंग."

त्याने निमूटपणे तसंच लिहिलं. आणि शनिवारी गिऱ्हाईक आलं, तेव्हा बेरिलने त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "निकाल लागेपर्यंत थांबा. हरले तर गाडी तुमची."

इकडे नोराने चिप्सच्या दुकानात उभं राहून फक्त एवढंच म्हटलं, की बेरिलला साक्षीदार हवेत. रॅम्सक्लफमध्ये तेवढं पुरतं. संध्याकाळपर्यंत त्या दिवशी आपण त्या रांगेत होतो असं छातीठोक सांगणारे अकरा जण निघाले. त्यांतले दोघं त्या शुक्रवारी दूर समुद्रकाठी ब्लॅकपूलला होते.

पुढच्या शनिवारी तीन वाजता खरे चौघं बेरिलच्या परसात जमले. स्वयंपाकघराच्या टेबलाशी सिरिल कागद घेऊन बसलेला, आणि एकेकाने आत यायचं. हे सांगायची देर, चौघंही मागच्या दारापासून फाटकापर्यंत रांगेत उभे राहिले, आणि लगेच भांडण.

"मी बाबागाडीच्या आधी होतो," प्लंबर म्हणाला.

"तू माझ्यानंतर आलास," वॉल्टर पिकपने काठी आपटली. "तुझ्या बुटातलं पाणी माझ्या पायावर उडालं होतं. मी तेव्हाच मनात शिवी घातली होती."

"कोणती?"

"मिस क्रॅबट्री उभ्या आहेत."

"मला चालेल," मिस क्रॅबट्री म्हणाल्या.

सिरिलने हेसुद्धा लिहून घेतलं, शिवी सोडून. आल्याच्या केकची अख्खी थाळी संपली. बेरिल दारात उभी राहून बघत होती. तिच्या परसात तीच रांग, त्याच क्रमाने, उभी होती. त्या संध्याकाळी तिने कित्येक आठवड्यांनी गाडी रस्त्यावर काढली, नुसती टपालपेटीपर्यंत. पण काढली.

सुनावणी मार्चमध्ये, शेजारच्या मोठ्या गावात होती. गाडी कुठे लावायची या भीतीने सगळे बसने गेले. न्यायाधीश बाईंना सर्दी झाली होती. खोली लहान, टेबल मोठं. कंपनीने एक तरुण वकील पाठवला होता, गोरागोमटा, बूट चकचकीत. त्याने नेमकं तिथेच बोट ठेवलं.

"प्रतिवादींनी स्वतःच लिहून दिलंय, की त्यांनी चारजणांना पुढे जाऊ दिलं. तसं केलं नसतं, तर त्यांना तिकीट कितीतरी आधी मिळालं असतं. हा उशीर त्यांनी स्वतः ओढवून घेतला."

सिरिलने मान खाली घातली. बेरिलने पर्स घट्ट धरली. टोमॅटोच्या रंगाची गाडी, आल्फचा गुरुवार, सगळं पर्सवरच्या त्या मुठीत होतं.

न्यायाधीश बाईंनी नाक पुसलं. "म्हणजे तुमचं म्हणणं असं, की रडणाऱ्या जुळ्यांच्या आईला पुढे जाऊ द्यायला नको होतं?"

"तसं नाही, पण..."

"काठी घेतलेल्या गृहस्थांना?"

"मी एवढंच म्हणतोय, की रांगेत..."

"हो, रांगेत." बाई चष्म्यावरून बघत होत्या. "रांगेत काय?"

आमच्याकडे कोर्टात माणूस वाट्टेल ते बोलू शकतो. राणीच्या टोपीची टिंगल केली तरी खपून जाई. पण रांगेतल्या रीतीविरुद्ध बोलून कोणी सुखरूप बाहेर पडल्याचं ऐकिवात नाही. वकिलाचे कान लाल झाले. तो काही तरी पुटपुटला आणि पाण्याचा पेला शोधू लागला.

बाईंनी त्याच्याच कंपनीच्या पाटीचा फोटो उचलला. "इथे लिहिलंय, तिकीट घ्या आणि तिकिटावरच्या वेळेआधी निघा. तिकिटावर अकरा एकवीस. या बाई अकरा एकोणीसला निघाल्या. मशीन एकच ठेवायचं, आणि त्याच्यापुढे रांग लागली की तिचे पैसे लोकांकडून घ्यायचे, हे जमणार नाही. दावा फेटाळला आहे." मग तिकीट उलटं करून म्हणाल्या, "मिसेस एंटविसल, येण्या-जाण्याचा खर्च मागायचा आहे का?"

"बसचा पास आहे साहेब, म्हाताऱ्यांना फुकट असतो."

"बरं. आणि बटणं मिळाली का?"

"तीनच मिळाली, साहेब."

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी नोरा पुडिंगचा डबा मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली, आणि मागच्या सीटवर टाय बांधून सिरिल. "आल्फला बघायला," असं तो म्हणाला. आल्फला तो आयुष्यात कधी भेटला नव्हता. नोरा म्हणाली, "मला दिसत नाही, पण आरशात कोण कोणाकडे बघतंय ते कळतंय." बेरिलने गियर जरा जास्तच जोरात टाकला. गिऱ्हाईकाला तिने आदल्याच दिवशी फोन करून सांगितलं होतं, क्लच उत्तम आहे, म्हणून गाडी विकायची नाही.

मंडईमागची कंपनी अजून आहे, मशीनही एकच. आता शुक्रवारी बेरिल तिथे गेली की मात्र पंचाईत होते. रांगेतला पहिला माणूस मागे वळून म्हणतो, "तुम्ही आधी, मिसेस एंटविसल." बेरिल म्हणते, "छे, छे, तुम्ही." दुसरा म्हणतो, "नाही, त्याच जाऊ देत." मिस क्रॅबट्री असल्या तर विचारूच नका. मशीन बापडं रिकामं उभं, आणि वर खांबावर कॅमेरा मिनिटं मोजतोय. मोजू दे.