बुधरीच्या आंबिलीचं मडकं

माझ्या तोंडाला लगाम नव्हता, हे आधीच कबूल करतो. १९५८ साली मी धानोऱ्याकडे सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो आणि चार बुकं शिकल्याचा मला भारी ताठा होता.

बुधरी ही गोंडांच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, विधवा. जंगलतोडीच्या मजुरांसाठी ती आंबील करायची, त्यावरच तिचं पोट. मडकं ती कधी पुरतं रिकामं करत नसे. तळाशी जुनी आंबील ठेवायची, वर तांदळाच्या कण्यांची पेज ओतायची, की सकाळपर्यंत सगळी आंबलेली. तळाचं ते विरजण तिच्या सासूपासून चालत आलेलं.

त्या वर्षी भाऊ वारला म्हणून ती माहेरी गेली आणि बारा दिवसांनी परतली. आल्या आल्या पेज ओतली, पण सकाळी ती आंबलीच नव्हती. नेमका मी तिथे टपकलो. तळाचा काळपट थर पाहून माझं डोकंच फिरलं.

"यातले कामाचे जंतू मेलेत. ही घाण पाजतेस लोकांना?"

"मेले नाईत, साहेब. बारा दिस उपाशी हायेत," ती हात जोडून म्हणाली. "एक दिस द्या मले."

कसला देतोय मी! सगळ्यांदेखत मडकं फोडलं. दुसऱ्या दिवसापासून मजुरांच्या मुकादमानं तिची आंबील घेणं बंद केलं.

पुढच्या वर्षी नागपूरला प्रशिक्षणात एका डॉक्टरांनी परदेशातलं नवं संशोधन सांगितलं. जंतूच्या आत प्रथिनं घडवणारे बारीक कण असतात, रायबोसोम. खाणं मुबलक असलं की जंतू ते भराभर वाढवतो, उपासमार झाली की हात आखडता घेतो. पुन्हा खाणं मिळालं की आधी हे कण उभे करतो, मग स्वतः वाढतो. तोवर तो मेल्यासारखाच वाटतो.

बुधरी हेच तर म्हणाली होती: उपाशी आहेत, एक दिवस द्या. शरमेनं मान वर होईना.

परतल्यावर तडक तिच्या दारात गेलो. ती आता मोळ्या विकून जगत होती. सगळं सांगितलं, चुकलो म्हणालो.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "हे तवा तुमाले ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं, बाई."

"मंग ठाऊक हाय म्हनून काऊन सांगतलं?"

तिनं मोळी डोक्यावर घेतली आणि ती बाजाराच्या वाटेला लागली.