चिंच, समई आणि जपानी तलवार

बाळांनो, व्हिडिओ कॉलवर तुमच्या आजोबांनी तुम्हाला सांगितलं, की आजीने म्हातारपणी तलवारी जमवायला घेतल्या आहेत. तेव्हा तलवार एकच होती. काय झालं ते मीच क्रमाने लिहिते. आजोबांच्या गोष्टींना क्रम नसतो.

इथे लंडनबाहेर, मेडनहेड गावाजवळ एका लिलावात मी पुस्तकांचं कपाट घ्यायला गेले होते. कपाट दुसऱ्याच कुणाला मिळालं. पण जुन्या छत्र्या-काठ्यांच्या गठ्ठ्याशेजारी एक जपानी तलवार भिंतीला टेकून उभी होती. मुठीवरची दोरी सुटलेली, म्यानाचा रंग उडालेला. तिची पाळी आली तेव्हा मी सहज हात वर केला, आणि बाकी कुणीच केला नाही.

"अगं, कपाट आणायला गेली होतीस ना?" आजोबांनी दारातच विचारलं.

"ते गाडीत मावलं नसतं. ही मावली."

"आणि पुस्तकं हिच्यात कशी ठेवायची?"

मग जवळच्या रीडिंग गावात जुन्या तलवारींच्या शौकिनांचा एक गट जमतो, तिथे मी जायला लागले. सगळे पुरुष, आणि चहा अगदी पाणचट, पण शिकवतात मनापासून. पात्याला बोट लावायचं नाही, घामाने गंज चढतो. जुनं तेल मऊ कागदाने पुसायचं, नवं अगदी पातळ लावायचं. त्या तेलाला लवंगेचा वास येतो. मी ते पहिल्यांदा लावलं तेव्हा आजोबा "आज मसालेभात का?" म्हणत जिना उतरून आले. पॉलिश मात्र घरी करायचं नाही, ते शिकलेल्या माणसाकडेच द्यायचं. मूठ पात्यावर एका बांबूच्या खुंटीने बसते, ती खुंटी मी नवी तासली. या तलवारी रेशमी पिशवीत ठेवतात, म्हणून माझ्या लग्नातली एक विरलेली साडी कापून लांबलचक पिशवी शिवली.

सगळ्यात मोठा नियम मुठीच्या आतला. पात्याचं जे टोक मुठीत लपलेलं असतं, त्यावरचा काळपट गंज कधीही घासायचा नाही. तो बघून तलवारीचं वय ओळखतात. गंज गेला, की वय सांगणार कोण? मी हे आजोबांना सांगितलं होतं. पण जन्मभर दुसऱ्यांना भूल देणाऱ्या या डॉक्टरांना माझं बोलणं ऐकताना स्वतःलाच गुंगी येते.

माझी तलवार खरंच जुनी, की कारखान्यातून निघालेली? ते सांगायला गटातले एक वयस्कर गृहस्थ घरी येणार होते. ते पॉलिश करणारे. जुनी असेल तरच तिला हात लावणार होते. मला आठवडाभर धड झोप नव्हती. त्यांना वेळ मिळाला तो नेमका खंडेनवमीच्या दुपारचा.

तुम्हाला आठवत असेल, त्या दिवशी आपण हत्यारांची पूजा करतो. इतकी वर्षं आमच्याकडे स्टेथोस्कोप, ड्रिल आणि विळी यांच्यावरच भागायचं.

"तलवारीला हळदकुंकू लावायचं नाही हं," मी सकाळीच बजावलं.

"वा! घरात तलवार, आणि पूजा विळीची?"

"ओल लागली की गंज चढतो. पिशवीवर फूल वाहा."

मी फुलं आणायला बाहेर पडले. परत आले तर घरभर चिंचेचा वास. ओट्यावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर चिंचेच्या कोळाचं भांडं. आजोबांच्या एका हातात समई, दुसऱ्या हातात काथ्या. आणि समईमागे, रांगेत नंबर लागल्यासारखी, माझी तलवार! खुंटी काढलेली, मूठ बाजूला, काळं टोक उघडं.

"अहो! तिला चिंच लावलीत?"

"ओरडतेस काय? कुंकू नको म्हणालीस, घासू नको कुठे म्हणालीस? पाहुणे येणार आणि आत हा एवढा गंज!"

"लावलीत की नाही ते सांगा!"

"अजून नाही. तूच सांगतेस ना, आधी देव, मग समया, मग बाकीचं? देव झाले. पहिली समई अजून अर्धीच झालीये."

मी खुर्चीत बसले. या क्रमावरून आजोबांनी माझी जन्मभर थट्टा केली आहे. त्याच क्रमाने माझी तलवार वाचवली.

दुपारी ते गृहस्थ आले. खिडकीपाशी उभे राहून ते काळं टोक उजेडात फिरवत राहिले. आम्ही दोघं परीक्षेला बसल्यासारखे सोफ्यावर.

"चारेकशे वर्षांची तरी असेल," ते अखेर म्हणाले. "मी पॉलिशला घेतो. नशीब, हे टोक कुणी घासलं नाही."

"छे! आमच्याकडे असलं कुणी करत नाही," आजोबा म्हणाले.

चहा घेताना पाहुण्यांची नजर देवांपुढच्या समईवर गेली. माझ्या आजेसासूबाईंची ती, वरून लखलखीत, खालून काळी.

"अरेरे," ते हळहळले. "इतकी जुनी वस्तू! ही कुणी घासली?"

आजोबांनी शांतपणे माझ्याकडे बोट दाखवलं. "हिची पद्धत."

एवढ्यावर न थांबता, पाहुणे निघाले तेव्हा आजोबांनीच त्यांना विचारलं, "हिला जोडीची लहान तलवार मिळेल का हो? एकटी बरी नाही दिसत."

मिळाली. तिची पिशवी मी आजोबांच्या लग्नातल्या सोवळ्याची शिवली आहे. त्यांना अजून पत्ता नाही.