ओलं गोणपाट

झेंडूच्या रोपांना जेमतेम चार-चार पानं आली होती. एका सकाळी बघते तर सहा रोपांचे नुसते देठ उरलेले, आणि मातीवर चकाकणारी चिकट रेघ. शेजारच्या सुमनताई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "गोगलगायी आहेत. गुळाच्या पाण्यात गोणपाट भिजवून वाफ्यात टाका. सकाळी सगळ्या त्याखाली जमतात. उचलायचं आणि वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या."

गोणपाट टाकलं, पण उचलायचा धीर होईना. खाली किती असतील, या विचारानंच अंगावर काटा यायचा. मी रोज लांबूनच त्यावर पाणी शिंपडायची, उरलेली रोपं मोजायची आणि घरात यायची. रोपं कमीच होत गेली.

आज ताईंनी विचारलं, "अहो, एकदाही उचललं नाहीत? मग तुम्ही त्यांना घरच करून दिलंत की!"

मी हसले, पण हात नकळत काखेकडे गेला. तिथली हरभऱ्याएवढी गाठ महिनाभर मी अशीच जपतेय. रोज आंघोळीच्या वेळी चाचपायची, कालच्याएवढीच आहे असं स्वतःला बजावायचं आणि वरून पदर ओढून घ्यायचा. न बघितलेली गोष्ट झाकणाखाली थांबून राहते, असं मला का वाटत होतं कोण जाणे.

मी वाकून गोणपाटाचं टोक धरलं. खाली बोटभर लांबीच्या गोगलगायी होत्या आणि मातीत साबुदाण्यासारखी अंडी.

"सुमनताई," मी म्हटलं, "दुपारी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे याल का?"