कळंबची गाडी

परवा एका प्रदर्शनात घोंगडी हातात घेतली आणि तिच्या उग्र, लोकरी वासाबरोबर हौसाबाई आठवल्या.

नव्वदच्या दशकात मी शिनोलीला शिक्षिका होते. खोली घेऊन एकटीच राहायचे आणि संध्याकाळी बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायचे. हौसाबाई मेंढपाळाच्या घरातल्या, नवरा वारलेला. मुळाक्षरं पाठ होईनात, म्हणून मी त्यांना अक्षरांचे आवाज शिकवले. ओठ मिटून उघडले की ब, जीभ मागे वळवली की ळ. सगळ्या गेल्या तरी त्या खांद्यावरची घोंगडी सावरत बोलत बसायच्या. त्यांची लेक कळंबला दिली होती. स्टँडवर गाडी विचारायची लाज वाटायची, म्हणून त्या तिच्याकडे एकट्या कधी गेल्याच नव्हत्या.

एका दुपारी मी त्यांच्यासोबत मंचरच्या स्टँडवर गेले. एक गाडी येऊन लागली. पाटीकडे बघत त्यांचे ओठ हलले.

"क... ळं... ब. बाई, कळंब व्हय?"

"तुम्हीच वाचलंत की."

"मंग आता कुनाला इचारायचं न्हाई," म्हणत त्या चढल्या. धूळ उडवत गाडी गेली.

पुढे त्यांचा निरोप आला, "लेकीला लई बरं वाटलं. आता हितंच ऱ्हाते."

मी तो वर्गात कौतुकाने सांगितला. बायका गेल्यावर मात्र दाराला कुलूप लावायला हात उठेना. तेव्हा वाटलं, थकले असेन. आज कळतं, त्या गावात माझ्याशी बोलत बसणारं तेवढं एकच माणूस होतं, आणि त्याला जायला मीच शिकवलं होतं.